सचदेवाची ओल

७ जुलै १९९६, रविवार
घराच्या मेंटेनन्सला आजपासून सुरुवात. इलेक्ट्रिशियन न बोलावता स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन स्वतः उतरवला. रॉकेलने पाती धुतली, पुसली, परत बसवला. सुनेत्रा म्हणाली, आवाज आधी असा नव्हता, नीट बसलाय ना? तिला सांगितलं, स्वच्छ पंख्याचा आवाज वेगळा असतो. फिजिक्सचा बी.एस्सी. मी आहे. बायको मराठीची एम.ए.
संकल्प: दर रविवारी घरातलं एक काम स्वतः.

९ जुलै
संध्याकाळी स्वयंपाकघरात लसणाच्या फोडणीचा भपका. आमचा नव्हे, आमच्याकडे खिचडी होती. वरच्या मजल्यावरच्या सचदेवाचा. दोघांची स्वयंपाकघरं एकाच शाफ्टमध्ये, इमारतीच्या मधल्या उभ्या बोळात, उघडतात हे खरं, पण इथे दिल्लीत मयूर विहारला राहायला आल्यापासून असा वास कधी आला नव्हता. अर्थ उघड आहे. जूनच्या मीटिंगमध्ये मी त्याच्या गाडीच्या पार्किंगवर आक्षेप घेतला, त्याचा हा सूड.
आपण उगाच संशय घेतोय का? चहा संपेपर्यंत प्रामाणिकपणे विचार केला. नाही.

१४ जुलै, रविवार
एक्झॉस्टचं भोक प्लायवूडने बंद. कडेने पुट्टी. वर बँकेचं कॅलेंडर. फोडणीचा विषय संपला.
स्लायडिंग खिडक्यांची रबरंही तपासली. देशाची दारं उघडली म्हणतात. त्यातून आलेली सर्वांत चांगली वस्तू म्हणजे ही अ‍ॅल्युमिनियमची खिडकी. बंद केली की घर डबीसारखं.
जिन्यात सचदेवा भेटला. म्हणाला, भाईसाहब, कूलर चलता है तो सामने की खिड़की थोड़ी खोल लिया करो. गार हवा तयार करायची आणि बाहेर सोडून द्यायची. या माणसाचा बिझनेस चालतो कसा?

२८ जुलै, रविवार
बेडरूमच्या भिंतीवर, सुनेत्राच्या उशाशी, ओल. कडेला काळे ठिपके. या भिंतीतून सचदेवाच्या बाथरूमचा पाइप खाली येतो. आधी फोडणी, आता पाणी. वाढत चाललंय.
सुनेत्राला कोरडा खोकला. ती रेडिओवर मराठी बातम्या वाचते, पण अजून कॅज्युअल. कुणी रजेवर गेलं की तिला फोन येतो. यंदा नेहमीच्या पॅनेलसाठी व्हॉइस टेस्ट आहे, सप्टेंबरअखेर. इतकी वर्षं वाट पाहिली आहे तिने. खोकला टेन्शनचा असणार.

४ ऑगस्ट, रविवार
वर जाऊन सचदेवाला स्वच्छ शब्दांत सुनावलं. तो बनियनवर होता. म्हणाला, पाटणकर साहब, मेरे बाथरूम में चादर बिछाके सो जाओ, इतना सूखा है. माणूस उडवाउडवी करू लागला की समजावं, दोषी आहे.
खाली आलो तर रसिका म्हणाली, बाबा, खिडकी खोला ना यार, घुटन होतेय. तिला सांगितलं, मराठीत खिडकी उघडतात, खोलत नाहीत. कॉलेजात गेली तरी मुलीला हे सांगावं लागतं. ती म्हणाली, बरं, मग उघडा. भाषेचा मुद्दा तिने मान्य केल्यावर मी विषय संपवला.

११ ऑगस्ट, रविवार
सोसायटीच्या कमिटीकडे इन्स्पेक्शनची मागणी केली. तोवर निर्णय: भिंत पुसायची नाही, खिडकी उघडायची नाही. हवेने भिंत सुकली तर पुरावा जाईल आणि सचदेवा सुटेल.
सुनेत्रा म्हणाली, आधी पुरावा जातो की मी, ते बघा. तिच्यासाठी ज्येष्ठमध आणला. काळजी मलाही आहे, पण दोन गोष्टींची गल्लत करून चालत नाही.

१८ ऑगस्ट, रविवार
कपाटातल्या बुटांवर हिरवी बुरशी. पुसले नाहीत. पुरावा.
सुनेत्रा उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपू लागली आहे. तिथेही खिडकी बंदच, तेव्हा तत्त्वाला बाधा नाही.

२५ ऑगस्ट, रविवार
काल सुनेत्राला बुलेटिन मिळालं. रसिका आणि मी ट्रान्झिस्टरला कान लावून. शेवटपर्यंत उत्तम. मग, हवामान कोरडे राहील, या वाक्यात कोरडे म्हणताना ती खोकली. दोनदा.
घरी आली ती आधी दोन ग्लास पाणी प्यायली. मग सांगितलं, ड्यूटी ऑफिसर म्हणाले, मॅडम, टेस्टला असं झालं तर पुढचं नाव घ्यावं लागेल. मी म्हणालो, या सचदेवाला मी सोडणार नाही. ती म्हणाली, सचदेवाला सोडा, ती कॅलेंडरमागची फळी काढा. कूलर चालू, भाताची वाफ घरात, अंघोळीची वाफ घरात, जाणार कुठे ती?
सबंध संध्याकाळ स्वतःला तपासलं. माझी काही चूक? आहे. कमिटीला स्मरणपत्र उशिरा दिलं. उद्याच देतो.

१ सप्टेंबर, रविवार
इन्स्पेक्शन झालं.
आधी वर गेलो. सचदेवाने बाथरूममध्ये खरोखर चादर अंथरली होती. उशीसुद्धा. सेक्रेटरी मुरलीधर मोजे घालून तिच्यावर चालले आणि तळवे दाखवले. कोरडे. भिंत ठोकली, पाइप चाचपला. कोरडा. सचदेवाच्या घरातल्या सगळ्या खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट चालू, विजेची नासाडी.
मग आमच्याकडे. दारातच मुरलीधरांचा चष्मा धुक्याने भरला. तो पुसून ते आत आले आणि माझ्या नव्या खिडकीच्या काचेवर आतून बोट फिरवलं. बोटावरून पाणी मनगटापर्यंत गेलं. म्हणाले, पाटणकर साहब, ये पानी भी सचदेवा जी का है?
सगळे हसले. सुनेत्राही हसली, आणि तिला असा खोकला आला की ती खालीच बसली. सचदेवाची बायको तिचा हात धरून म्हणाली, चलो जी, ऊपर चलो, टेस्ट तक वहीं रहो. सुनेत्राने उशी घेतली, दोन साड्या घेतल्या, जुनी बुलेटिनं वाचायला घेतली. माझ्याकडे पाहिलं नाही.
शत्रूने माणसं फोडली.

८ सप्टेंबर, रविवार
एकटाच. रसिका झोपायला खाली, जेवायला वर. राजमा फार छान असतो म्हणते.
आता खिडकी उघडायला माझी तत्त्वतः हरकत नाही. पण लगेच उघडली तर मुरलीधरांमुळे उघडली असं होईल. मध्ये थोडा काळ गेला पाहिजे.
तोवर शास्त्रीय उपाय. करोल बागेतून बुरशी मारणारा पेंट आणला. ओल्या भिंतीवरच दोन हात मारले. अत्यंत देखणं दिसतंय.

१५ सप्टेंबर, रविवार
पेंटला फुगे आले. रसिका म्हणाली, बाबा, भिंतीला कांजिण्या झाल्यात. हा शब्द तिला आठवतो, आश्चर्य आहे.

२२ सप्टेंबर, रविवार
जिन्यात सुनेत्रा भेटली. चेहरा चांगला होता. म्हणाली, आवाज मोकळा झालाय, सकाळी गच्चीवर वाचते. मी आनंद व्यक्त केला. भिंत कशी आहे, तिने विचारलं. सुधारतेय म्हणालो. हे खोटं नव्हतं, एक फुगा फुटला होता.
ती म्हणाली, तुम्हाला कधीपासून खोकला आहे? म्हटलं, दिल्लीची धूळ.

२७ सप्टेंबर
आज तिची टेस्ट. सोबत जाऊ का, असं निरोपाने विचारलं. निरोप आला, सचदेवा गाडीने सोडतायत.
तीच गाडी.

६ ऑक्टोबर, रविवार
सुनेत्राची निवड झाली. आज दुपारी पॅनेलवरचं पहिलं बुलेटिन. ट्रान्झिस्टर लावला तर नुसती खरखर. मागचं झाकण उघडलं, सेलच्या स्प्रिंगांवर हिरवं चढलेलं. वर सचदेवाचा रेडिओ मोठ्याने चालू होता, रसिकाही तिथेच. जाऊन दार वाजवणं शक्य नव्हतं. कॅलेंडर उतरवलं, पुट्टी खरवडली, फळी ओढून काढली. केवळ ऐकू यावं म्हणून.
शाफ्टमधून तिचा आवाज खाली आला. स्वच्छ, भरीव. पुढच्याच खोलीतून बोलावं तसा. हवामानाचं वाक्य तिने एका दमात वाचलं. खोकलो मी.
बुलेटिन संपल्यावर, आता भोक उघडलंच आहे तर, म्हणून पंखा लावला. लसणाची फोडणी थेट तोंडावर. ओट्यावरचं कॅलेंडर उडून डायनिंग टेबलाखाली. वरून सचदेवाने शाफ्टमध्ये वाकून पाहिलं. म्हणाला, भाईसाहब, आपका पंखा तो हवा अंदर फेंक रहा है.
पंखा उलटा बसलेला आढळला.
सचदेवा पक्कड घेऊन खाली आला. त्याने पंखा उतरवला, फिरवला, बसवला. मी स्टूल धरलं.
संध्याकाळी सुनेत्रा आली. दारातच उभी राहिली. पंख्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. विचारलं, जुलैपासून? म्हटलं, बहुधा. अभिनंदनही केलं. वाचन चांगलं झालं म्हणालो. ती म्हणाली, भिंत वाळली की कळवा, आणि वर गेली.
खिडक्या सगळ्या उघडल्या आहेत. वर सगळे हसतायत. कशाला ते नीट कळत नाही. पंखा चालू असला की शाफ्टमधलं बोलणं ऐकू येत नाही.
म्हणून तूर्त बंद ठेवला आहे.