क्रुसाशेजारची जागा

४ मे, रविवार
चर्चमधल्या मिस्सेहून घरी येईपर्यंत ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. काल सभेत ह्यांनी हात वर केला. विरोधाचा! पालिकेच्या बाई जागा बघायला आल्या, बाळंतपणाचं नि तान्ह्या बाळांचं हॉस्पिटल बांधायचं म्हणून, आणि सगळ्या नंदाखाल गावातून पहिले "नको" म्हणणारे आमचेच हे.
जागा म्हणजे वाडीच्या टोकाची सरकारी पडीक. कोपऱ्यावर आमच्या घराण्याचा क्रूस. दुसरी जागा नायगावला, खाडीकाठी. दोन्हींतली एकच होणार.
वहीत हिशेब पुढून, राग मागून. ह्या महिन्यात मागचीच पानं आधी संपतील.

६ मे
लेक रीना आली होती. तिला सातवा लागलाय, पाय सुजलेत. कैरीचं पन्हं दिलं. पायरीवर बसून नुसती क्रुसाकडे बघत होती.
तिचं पहिलं बाळ आठव्यातच झालं. श्वास घेईना. इथे काचेची पेटी नाही, मुंबईला न्या म्हणाले. अँब्युलन्स खाडीपुलावर ट्रकांच्या मागे उभी. मी आत होते, जपमाळ हातात. बाळ पुलावरच...
नाही लिहवत.
त्याच बाळाचे हे आजोबा. हात वर करतात.

८ मे
बस्त्यावभाऊजी चहाला. ह्यांचे थोरले भाऊ, जमीन वाचवायच्या समितीतले. ते उठ म्हणाले की हे उठतात.
"अग्नेस, तुला नाही कळायचं. आज हॉस्पिटल, उद्या रस्ता रुंद, परवा टॉवर. विहिरी सुकवतील आपल्या."
म्हटलं, "टॉवर मलाही नको. मोर्चाला भाकऱ्या कोणी बांधून दिल्या? पण बाळंतीण म्हणजे टॉवर का?"
"आणि क्रूस? प्लेगाच्या साथीत उभारलेला क्रूस आहे तो. कोणाच्या बापाला हलवता यायचा नाही."
"हलवतंय कोण? बाईंनी सांगितलं ना, क्रूस तिथेच राहील, फाटक दिवसभर उघडं. घराण्यातल्या कोणी एकानं फक्त हरकत नाही म्हणून लिहून द्यायचं, महिनाअखेरपर्यंत. नाहीतर नायगाव."
"मग जाऊ दे नायगावला!"
बिस्किटं मात्र सगळी संपवून गेले.

११ मे
भाची सुझीचा फोन, नायगावहून. तिचा फ्लॅट नव्या टॉवरात. "मावशी, तुम्हांला नको तर आम्हांला द्या. आमच्या लिफ्टमध्ये चढलं की तीन पोटुशा भेटतात."
हसले. मग हसल्याचाच राग आला. तिचंही खोटं नाही. पण पावसात तिच्याच गेटात गुडघाभर पाणी, बाळंतिणीला काय होडीतून नेणार? आणि इकडच्या आगाशी, निर्मळच्या बायकांनी कुठे जायचं? बायकांना एकमेकींच्या ताटातलं उचलायला लावलंय, आणि वाढणारे हात धुऊन मोकळे.

१५ मे
प्लेगातला क्रूस म्हणे!
रीनाच्या वेळी सासूबाई मला शेक देत होत्या तेव्हा त्यांनी सांगितलं. आजेसासऱ्यांची पहिली बायको, मारिया. अडली. बैलगाडीत घालून वसईला निघाले, वाडीच्या टोकाला पोचेपर्यंत गेली. पोटातल्या बाळासकट. जिथे गेली तिथे क्रूस.
म्हणून आमच्या घरची बाळंतीण सव्वा महिन्यानं उंबरा ओलांडते ती आधी तिथे मेणबत्ती लावते, मग चर्चला. पुरुषांना वाटतं, बायकांची काहीतरी रीत. बाळंतिणीच्या खोलीत पाय कोण टाकतो त्यांच्यातला? आणि खोलीतलं बाहेर बोलायचं नाही, ही आमची शिकवण. इतकी वर्षं पाळली. मेली ती बाई, आणि नाव प्लेगाचं.

१८ मे, रविवार
मे महिन्याची मरियेच्या जपमाळेची प्रार्थना आज आमच्या क्रुसाशी. अख्खी गल्ली. फुलं आपल्याच मोगऱ्याची, विकत नाही आणली. शेवटी विनंत्या. भाऊजींनी आपली मांडली, गावच्या जमिनी राखण्यासाठी. सगळे म्हणाले, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." मीही म्हटलं.
मग मी पुढे झाले.
"ह्या जागेवर बाळंतपणात मेलेल्या मारियासाठी, जिच्या नावानं हा क्रूस उभा आहे. आणि तिच्या पोटातल्या बाळासाठी. आणि खाडीपुलावर गेलेल्या माझ्या नातवासाठी. येशूच्या आईसारखीच त्यांच्यासाठीही उतारशाळेत जागा नव्हती."
मग मागून शेजारच्या फिलूवहिनीचा आवाज, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." मग सगळ्या बायका. मग पुरुषांनाही म्हणावंच लागलं. विनंतीला "नाही" कसं म्हणणार?
ह्यांचे ओठ हलले का, ते नाही बघितलं.

१९ मे
भाऊजी अंगणातूनच ओरडले. "प्रार्थनेत राजकारण आणतेस? आणि ही मारिया कुठून काढलीस?"
"तुमच्याच आईकडून."
"आई मला नाही कधी बोलली!"
"तुम्हांला कधी शेक दिला होता का त्यांनी?"
फिलूवहिनी कुंपणापलीकडे एवढी हसली की हातातली बादली सुटली. भाऊजी गेले, चहाही नाही.
हे आत पेपर वाचत. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हतं.

२५ मे
रीनाचं प्रेशर वाढलंय. दिवस भरेपर्यंत माझ्या नणंदेकडे अंधेरीला ठेवणार, हॉस्पिटलजवळ. हिला काही आपल्या हॉस्पिटलचा उपयोग नाही, पाया खणेपर्यंत हिचं बाळ रांगायला लागेल, देवाच्या कृपेनं. मग मी कशाला भांडते? तिनंही तेच विचारलं. "मम्मी, माझ्यासाठी घरात अबोला नको ना धरूस."
तुझ्यासाठी नाही बाय. तू त्या पुलावरून आता आधीच पार जातेस, तुझ्याकडे आत्या आहे. जिच्याकडे नाही तिनं काय करायचं?

२८ मे
हरकत नसल्याचा कागद मरियेच्या मूर्तीखाली ठेवलाय. वर पेन, ह्यांच्या सहीसाठी. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेला हे समोर गुडघे टेकतात, कागद बघतात, उठतात. मी पेन परत सरळ करून ठेवते. बोलले तर फुटेन.
आज उठताना म्हणाले, "त्या बाईचं वय काय होतं?"
"रीनाएवढी असेल."
"मला कुणी कसं सांगितलं नाही?"
आता माझ्यावरच! तुम्ही विचारलंत कधी? पन्नास वर्षं त्या क्रुसासमोर टोपी काढताय.

३० मे, शुक्रवार
शेवटचा दिवस, उद्या शनिवार, ऑफिस बंद. उद्या मरियेच्या भेटीचा सण. तीही पोटुशीच, आपल्या पोटुशा नातलग बाईकडे पायी डोंगर चढून गेली. जवळपास काही सोय नव्हती म्हणूनच ना.
सकाळी मूर्तीखाली बघितलं. कागद नाही. पेनही नाही. हे इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटर काढत होते. "कुठे?" विचारलं नाही. मानी मीही आहे. फाटकापर्यंत गेले. नाक्यावर स्कूटर थांबली. डावीकडे भाऊजींचं घर, उजवीकडे पालिकेचं ऑफिस. बराच वेळ उभी होती. मग नेमका केळ्यांचा टेम्पो आडवा आला. टेम्पो सरकला तेव्हा नाका मोकळा.
जेवायची वेळ टळून गेली. सुक्या बोंबलाचं कालवण झाकून ठेवलंय. सही करून आले तर गरम करीन. नाहीतर थंडच खाऊ देत, आणि भांडंही आपलं आपण घासू देत.
स्कूटर वाजतेय.