आधी काठी उचलली

आबा, सासनकाठी परत आपल्या घराला द्यायची म्हणतात. रविवारी सकाळी धाकट्या काकांच्या मुलाचा फोन आला. मी ओट्याशी कांदा चिरत होतो, बाहेर बर्फ वितळून अंगणाचा नुसता चिखल झाला होता, आणि तो तिकडून असा ओरडत होता, जणू फोन नसता तरी मॅसॅच्युसेट्सपर्यंत आवाज पोचवला असता. "भावा, मान परत आलाय आपल्या घरात! यंदा चैत्रातल्या जत्रंला डोंगरावर काठी तू धरायचीस. घराण्यातलाच माणूस पायजे, असं समद्यांचं मत पडलंय." माझे कान तुम्हांला ठाऊक आहेत. आता माझं स्वतःचं मशीन शॉप आहे, आणि कुठल्या मशीनवरचं टूल बोथट झालंय ते मी दारातून आवाजावर सांगतो. पोरं चिडतात, पण टूल बदलतात. तर फोनवर त्याच्या पाठीमागून कुणीतरी हळूच शब्द पुरवत होतं. "रजा मिळंल का इचार." मग आणखी हळू, "दुसरं कोण न्हाई, हे बोलू नगंस." तेवढ्यावरून सगळं उमगलं. तुमच्यानंतर काठी ज्या घरात गेली, त्यांची पोरं पुण्या-बंगळूरला कंप्युटरपुढे बसली आणि म्हाताऱ्याच्या कमरेत आता जोर नाही. मान परत येत नव्हता, माणूस कमी पडत होता. मी म्हटलं, दोन दिवसांत कळवतो.

फोन ठेवला आणि तुम्ही समोर उभे राहिलात. गुऱ्हाळाचा हंगाम संपलाय, तुमच्या अंगाला अजून गुळाच्या धुराचा वास आहे, आणि मोकळ्या रानात तुम्ही काठीची तालीम करताय. उंच वेळू, त्याला गुंडाळलेलं कापड, टोकाला निशाण, चारी बाजूंनी दोर ताणून धरलेले भाऊबंद, आणि मधे बुड कमरेच्या शेल्यावर पेलून एकटे तुम्ही. आयटीआयच्या सुट्टीत मी आलो होतो तेव्हा एकदा तुम्ही ती माझ्या हातात दिलीत. मी काय केलं, तर निशाण कसं दिसतंय ते पाहायला मान वर केली. पाय लटपटले. तुम्ही काठी सावरलीत आणि मानेवर एक सणसणीत चापट दिलीत. "वर काय बघतोस? वर बघायला दोरवाली हायत. ज्यानं धरलीया त्यानं म्होरं बघायचं." मग स्वतःच हसलात. "निशाण समद्यांना दिसतं रं. धरणाऱ्याला न्हाई दिसत."

ज्या वर्षी काठी पडली, त्या वर्षी मी डोंगरावर नव्हतो. नवी नोकरी, रजा मिळाली नव्हती. पुढे घरी आलो तेव्हा आईने चुलीपुढे भाकरी थापता थापता सांगितलं. पायऱ्यांवर गर्दीचा लोंढा आला. कुणी म्हणतं पुढचा दोर ढिला पडला, कुणी म्हणतं तुमचाच पाय घसरला. काठी आडवी झाली, निशाण पायदळी आलं, तुम्ही तोंडावर पडलात. "समद्यांनी आदी काठी उचलली," आई म्हणाली. "पुन्ना उभी केली, चांगभलं म्हनून म्होरं गेली. ह्ये आपलं आपण उटलं. तोंडात गुलाल गेलता, थुकत थुकत घरला आलं." तुम्ही पलीकडच्या खोलीत होतात. तिथूनच म्हणालात, "माझाच हात कमी पडला. इषय संपला." विषय कुठला संपतोय! त्या साली गावात जे जे बिघडलं ते तुमच्या नावावर मांडलं गेलं. विहीर आटली, बैल मेला, एकाचं ठरलेलं लग्न मोडलं, तेसुद्धा. पुढच्या चैत्रात काठी दुसऱ्या घरातून निघाली. ढोल वाजायला लागले तसे तुम्ही उठून बंद पडलेल्या गुऱ्हाळात गेलात. मी मागून आलो तर तुम्ही गूळ कढवायची काहील घासत होतात. स्वच्छ होती ती, आबा. तुम्ही घासत होतात. मी दुसऱ्या बाजूने घासायला लागलो. परत नोकरीवर निघालो तेव्हा तुम्ही गुळाची ढेप बांधून दिलीत, ती कमरेच्या त्याच शेल्यात. शेला परत आणायला मला सांगितलं नाहीत.

आता तुमच्या नातीबद्दल सांगतो. ती कॉलेजात इतिहास शिकते. इथे श्रूजबरीत आपल्या माणसांच्या घरी जेवायला गेलं की कुणीतरी काकू हमखास विचारतात, "हिस्टरी? अय्या, छान! पण मग जॉब?" मी हसून म्हणतो, "एक तरी माणूस मागे वळून बघणारा नको का?" तिचा निबंध मध्ययुगातल्या इंग्लंडच्या राजांचं निशाण धरणाऱ्या माणसांवर आहे. दोन महिने ती सांगतेय, मी हूं हूं करत होतो. त्या रविवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात उभी राहून वर्गात द्यायचं भाषण म्हणून बघत होती, आणि मी पहिल्यांदा नीट ऐकलं.

ती म्हणाली, निशाणदार लढत नसे. त्याचे हात निशाणात गुंतलेले. त्याला जपायचं काम बाकीच्यांचं. धुळीत सैन्याला राजा दिसत नाही, निशाण तेवढं दिसतं. ते उभं तोवर राजा उभा. आमच्या गावाचं नाव मुळात इंग्लंडातल्या ज्या श्रूजबरीचं, तिथल्या लढाईत राजाचा निशाणदार मारला गेला आणि राजाच पडला असं लोकांना वाटलं. आणखी एका लढाईत तर जहाजाची डोलकाठी गाड्यावर उभी करून तिला संतांची निशाणं बांधली होती. मी लाटणं खाली ठेवलं. "अगं, ही तर आपली सासनकाठी!"

"म्हणजे?" मग मी सांगितलं. वेळू, दोर, गुलाल, तुम्ही. तिचे डोळे चमकले. "वेट, आजोबा स्टँडर्ड बेअरर होते? आणि तुम्ही मला आत्ता सांगताय?" मी म्हटलं, तू तुझं पुढचं वाच. पुढचं असं होतं. वेल्सच्या रानात छापा पडला आणि राजाच्या एका मोठ्या सरदाराच्या हातून निशाण खाली पडलं. राजा मेला अशी हाकाटी झाली, फौज फिरली. राजा धडधाकट होता. त्याने तोंड दाखवून सगळं सावरलं. पण काही वर्षांनी त्या सरदाराच्याच नात्यातल्या एकाने त्याला फितूर ठरवलं. नदीतल्या बेटावर दोघांचं द्वंद्व लावलं. सरदार पडला. मेला म्हणून मठातल्या साधूंनी त्याला पुरायला नेलं, तर त्याच्यात धुगधुगी होती. उरलेलं आयुष्य तो त्याच मठात राहिला. म्हातारपणी त्याच्याकडून कुणी हकीकत ऐकली, तर त्याने स्वतःच्याच जुन्या चुका सांगितल्या.

मला तुमचा पलीकडच्या खोलीतला आवाज ऐकू आला. तव्यावरची पोळी करपली, आणि मी पोरीला उरलेलं सांगून टाकलं. ती म्हणाली, "पण बाबा, आजोबांना कोणी उचललं?"

"ते आपले आपण उठले."

"नोबडी? इतके लोक होते ना तिथे?" तिने लॅपटॉप मिटला. "त्या माणसाला निदान माँक्स तरी मिळाले."

मंगळवारी मी चुलतभावाला फोन केला. म्हटलं, माझ्या खांद्याचं दुखणं आहे, डॉक्टर वजन उचलू देत नाही. काठी ज्याला पेलेल त्याला द्या, घराणं बघत बसू नका. मागचा आवाज म्हणाला, "मग आता रं?" मला त्या दोघांची दया आली. मग तो एकदम मऊ होऊन म्हणाला, "तुझ्या बापाचं त्या येळंला..." मी फोन कानाशी दाबून धरला. इतकी वर्षं तेवढं एकच वाक्य मला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, आबा. कुणाच्याही. पण त्याने ते अर्ध्यावर सोडलं आणि विचारलं, तुमच्याकडं थंडी कमी झाली का.

कमी झालीय म्हणालो.

तुम्ही गेल्यावर लिहिलेल्या या पत्राला पत्ता नाही, हे एका परीने बरंच आहे. समोर बसून तुम्हांला हे सांगता आलं नसतं. माझा खांदा ठणठणीत आहे. तो पहिला फोन आला तेव्हा मला तुमच्यासाठी राग यायला हवा होता. मला आनंद झाला होता.