भाऊजींची निळी होडी

रत्नागिरी, ६ जानेवारी २०२५

ती. कुसुमताईस,
सदूचा शि. सा. न. वि. वि.

दीपक काल होडी देऊन गेला. तुझ्या लेकाने ती मुरुडपासून मांडीवर धरून आणली. एस.टी.त शेजारच्या बाईंनी फडक्यात देव आहे असं समजून हात जोडले म्हणे. होडी टेबलावर ठेवली आणि मी नि तुझी भावजय नम्रता बराच वेळ नुसते बघत बसलो. हर्ण्याच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या निळ्या पिंपाचे तुकडे कापून अशी वस्तू करावी हे आपल्या पोस्टमास्तर भाऊजींनाच सुचलं.

केबिन हलतेय ती पाहिली. तू अगदी निर्धास्त राहा. कोर्टातून निवृत्त झाल्यापासून मी खोक्यातून येणारी प्लॅस्टिकची विमानं जोडतोय हे तुला माहीत आहेच. गेल्या महिन्यात ज्येष्ठ नागरिक संघात ‘चिकटवण्याची कला’ या विषयावर माझं व्याख्यानही झालं. मंडळी शेवटपर्यंत बसून होती, नंतर चहा होता. माघात भाऊजींचं वर्षश्राद्ध, त्याच्या आत होडी तुझ्या घरी पोचती करतो.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू फडताळात ठेवून दिलंयस, म्हणून आपलं पत्र. या आगाऊ भावावर माया आहे तेवढी असू दे, वाढवलीस तरी चालेल.

तुझा
सदू


मुरुड, ११ जानेवारी

चि. सदूस,
कुसुमताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. यंत्र कानात घातलं की पंखा ऐकू येतो नि माणसं येत नाहीत, म्हणून ते फडताळात आहे. आगरात पोफळींना पाणी लावायला गडी मिळत नाही, तेवढी एक कटकट. बाकी मी बरी आहे.

तुझ्या व्याख्यानाचं वाचून हसू आलं. कॉलेजात असताना तू माझी छत्री दुरुस्त करून दिली होतीस. ती उघडली ती पुन्हा मिटली नाही. पावसाळा संपेपर्यंत मी दारातून तिरकी आत येत होते. म्हणून आधीच सांगून ठेवते, केबिन तेवढी आवळून दे, बाकी कशाला हात लावू नकोस. ह्यांनी केलेल्या सगळ्या होड्या लोकांनी मागितल्या नि ह्यांनी देऊन टाकल्या. ही एकच घरात उरली. मी एरवी वस्तूंत जीव अडकवणारी नाही, पण हिच्यात अडकलाय.

नम्रताला आठवण सांग. जेवणखाण वेळेवर करत जा.

तुझी
ताई


रत्नागिरी, २० जानेवारी

ती. कुसुमताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला कारण उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट दोन दिवस एकत्र राहत होते.

त्याचं असं झालं. विमानांचा गोंद प्लॅस्टिक जरासं विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव करतो. भाऊजींच्या पिंपाला त्याने ओळखसुद्धा दाखवली नाही. मग दोन नळ्यांचा गोंद कालवून लावला, रात्रभर दाबून ठेवला. सकाळी नख लावल्याबरोबर त्याची उकडलेल्या बटाट्यासारखी साल निघाली. मग झटपट चिकटणारा गोंद आणला. त्याने माझी बोटं चिकटली, चष्म्याची दांडी कानाला चिकटली, नम्रताची नवी ताटली टेबलाला चिकटली. होडी सोडून घरातलं सगळं चिकटलं. नम्रता म्हणते, वर्षश्राद्धाला होडीऐवजी मलाच पाठवावं, मी जास्त पक्का जोडला गेलोय.

दुकानदाराला तुकडा दाखवला. तो म्हणाला, हे मेणकट जातीचं प्लॅस्टिक, याला काही चिकटत नाही म्हणून तर तेला-रसायनांची पिंपं याची करतात. हे मला माहीत हवं होतं, व्याख्यानात मी ‘कुठलंही प्लॅस्टिक’ असं म्हणून बसलोय. आता पुण्याहून एक द्रव मागवला, तो आज आला. तो आधी फासायचा, मग गोंद लावायचा. पृष्ठभागावरून ज्योतही हलकेच फिरवायची असते, ती फिरवली. उद्या दोन्ही बाजू नि तळ जोडून बघतो.

काळजी नसावी. लोभ पातळ होऊ देऊ नये.

तुझा
सदू


मुरुड, २५ जानेवारी

चि. सदूस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं नाही. हलत होती ती केबिन. मग बाजू नि तळ जोडायची वेळ कशी आली? तू दुकानदाराला ‘तुकडा’ दाखवलास, तो कुठून आला?

सदू, मला ऐकू कमी येतं, वाचता नीट येतं. जे असेल ते सरळ लिही.

ताई


रत्नागिरी, ३० जानेवारी

ती. कुसुमताईस,
शि. सा. न. वि. वि.

सरळ लिहितो. होडी सुटी झालीय. सगळी.

पहिल्याच दिवशी मी भिंगाचा चष्मा लावून बसलो तेव्हा दिसलं की प्रत्येक जोडावर बारीक भोकं पाडून जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने टाके घातलेत, गोधडीला घालावेत तसे. मला वाटलं, भाऊजींना बिचाऱ्यांना चांगला गोंद मिळाला नसेल. आपण ते टाके काढावेत, जोड एकदम गुळगुळीत करावेत आणि ताईला चकित करावं. कात्री घेतली आणि सगळे उसवले. दोरे केरात टाकले. भोकं खिडकीच्या काचा बसवायच्या लांबीने बुजवली. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा गोंदाची नळी त्या प्लॅस्टिकवर दाबली. भाऊजी रोज मच्छीमारांत बसायचे, ते लोक फुटके क्रेट शिवूनच वापरतात. ते का, हे माझ्या डोक्यात होडीचे सात तुकडे झाल्यावर आलं.

पुण्याच्या द्रवाने केबिन अडीच दिवस धरून ठेवली. मग मी शेजारी बसून शिंकलो.

विनोद करतोय, पण ताई, मला फार लाज वाटतेय. तू एवढंच म्हणालीस की हात लावू नकोस, आणि तुझं पत्र पोचायच्या आधीच मी सगळं उसवून बसलो होतो. तुकडे सगळे शाबूत आहेत. लांबीसुद्धा त्या प्लॅस्टिकवर टिकली नाही, आपोआप गळून पडली, भोकं मोकळी आहेत. पण भाऊजींचे टाके मी कुठून आणू? नम्रताने माझी कात्री काढून घेतलीय आणि तिचं बरोबर आहे. तू रागावलीस तर हक्काने रागाव, फक्त पत्र बंद करू नकोस.

सदू


मुरुड, ४ फेब्रुवारी

चि. सदूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी आगरात जाऊन बसले. तुझा खूप राग आला. रडूही आलं. तू समोर असतास तर मेल्या, त्याच कात्रीने तुझे कान कापले असते. मग घरात येऊन चहा केला आणि लिहायला बसले.

एक गोष्ट तुला माहीत नाही, सांगायचं कधी कारण पडलं नाही. शेवटच्या वर्षात ह्यांचे हात फार कापायचे. दाभण तापवून भोकं पाडायचे ते कसंबसं, म्हणून ती वाकडीतिकडी आहेत. सुईत दोरा काही ओवता येत नसे. या होडीचे टाके मी घातलेत, सगळे. तू उसवलेस ते माझे, आणि माझे मला पुन्हा घालता येतात. भोकं त्यांची. ती तू बुजवलीस तरी बुजली नाहीत, त्यावरच मी तुला माफ केलंय.

दोरा हर्ण्याहून मागवलाय. तू सातही तुकडे घेऊन श्राद्धाच्या आधी चार दिवस इकडे ये, नम्रतालाही आण. गोंद आणलास तर घरात घेणार नाही.

मला एकटीला ते जमायचं नाही. मी शिवत असताना दोन्ही तुकडे कुणीतरी जुळवून धरावे लागतात. हे धरायचे. हात कापायचे, तुकडा हलायचा, सुई माझ्या बोटात जायची, मी ओरडायची नि हे हसायचे. वर्षभर समोर कुणी बसलेलं नाही. आता तू बस आणि धर.

वाट बघणारी
ताई