दारातला धुरकट माणूस

प्रिय उंदरा,

‘प्रिय’ सवयीने लिहून गेले, त्याचा वेगळा अर्थ काढू नकोस. दोन वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही आणि तुझ्यावरचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही. फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मी ओरडून ठेवून दिला असता. म्हणून पत्र. शेवटपर्यंत वाच, मध्येच घडी घालून खिशात कोंबू नकोस.

तर, तुझ्या भाचीला तिकडे दूरच्या शहरात बसून माझी काळजी वाटते. गेल्या महिन्यात येऊन तिने दाराला कॅमेऱ्याची बेल बसवून दिली. दाराशी कोणी आलं की माझ्या आणि तिच्या, दोघींच्या मोबाइलवर चित्र येतं. चित्र कसलं डोंबलाचं! सगळी माणसं धुरकट. कुरिअरवाला कोण आणि वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई कोण, काही कळेना. एकतीस वर्षं मी हॉस्पिटलात एक्स-रे काढले. पेशंट जरा हलला की फिल्म पुसट यायची, आणि दुसरी काढल्याशिवाय मी त्याला सोडत नसे. अशा बाईच्या दाराला असलं चित्र! माझं डोकंच फिरलं.

मग लेक फोनवरून हुकूम सोडत राहिली. वायफायचा डबा बंद करून चालू कर. केला. डबा लोखंडी कपाटामागे आहे, तिथे सिग्नल अडतो, दाराजवळ आण. आणला. आता त्याची वायर बैठकीच्या खोलीतून आडवी जाते आणि मी दिवसातून चारदा तिला अडखळते. ॲपमध्ये व्हिडिओचा दर्जा कमी ठेवलाय, तो वाढव. वाढवला. आधी चित्र अडकत अडकत धुरकट दिसायचं, ते आता सलग धुरकट दिसू लागलं. कंपनीत फोन केला तर तिथल्या मुलीने तीनदा विचारलं, मॅडम, लेन्स पुसली का? अगं बाई, चष्म्याच्या फडक्याने रोज सकाळी पुसते! तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी काचा पुसतेय, असं तिला सुनावलं आणि फोन आपटला.

तो डबा काढताना कपाटामागे आपल्या आईचा रेडिओ सापडला. त्याच्या काचेवर दुकानातलं पातळ प्लास्टिक अजून तसंच आहे, एक कोपरा सोडून. तो कोपरा तू सोललास आणि धपाटा खाल्लास. नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढलं की वस्तू जुनी होते, हा आईचा कायदा. आणि प्लास्टिक दिसलं की नख लावायचं, सोललेला तुकडा दाराच्या चौकटीला चिकटवायचा, हा तुझा रोग. म्हणून तर ती तुला उंदीर म्हणायची. रेडिओ मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसले, आणि मग पुन्हा तुझ्यावर चिडले.

आईच्या फुप्फुसावरचा डाग सगळ्यांत आधी मी पाहिला, माझ्याच मशीनवर. तिने मला तुझ्याबद्दल शपथ घातली, म्हणाली, तो लिफ्टच्या दुरुस्तीला दहा-दहा मजल्यांवर लोंबकळतो, त्याला सांगू नकोस, त्याचं लक्ष उडेल. मी पाच महिने गप्प बसले. तुला कळलं तेव्हा तिच्या हातात दोन दिवस उरले होते. चुकलं माझं, साफ चुकलं. पण तिला पोचवून आल्यावर तू दहा माणसांत म्हणालास की ताईने माझी आई चोरली. मग मीही म्हणाले, पुन्हा या दाराशी पाऊल ठेवू नकोस. अरे, रागाच्या भरात मी आयुष्यभर काय काय बोलत आले! त्यातलं एक तरी कधी मनावर घेतलंस? नेमकं हेच एक वाक्य तेवढं पाळत बसलास.

आता मंगळवारचं ऐक. दुपारी तीनच्या सुमाराला मी आत कपड्यांना इस्त्री करत होते. बेल वाजली नाही. संध्याकाळी लेकीचा फोन आला, आई, दाराशी कोणीतरी चार मिनिटं उभं होतं, बघ जरा. पाहिलं. एक धुरकट माणूस, हातात पिशवी. बटणाकडे हात नेतो, मागे घेतो. पुन्हा नेतो, पुन्हा मागे. मग अगदी जवळ येऊन वाकतो, एक बोट सगळं चित्र व्यापून टाकतं, नखाचा खरखर आवाज येतो आणि चित्र एकदम लख्ख! महिनाभर मी लेन्स समजून वरचं प्लास्टिक पुसत होते, उंदरा. आईचीच लेक मी. आणि त्या लख्ख चित्रात तू होतास. केस पांढरे झालेत, डोळ्यांखाली सूज आहे, शर्टाचं वरचं बटण तुटलंय. दोन सेकंद सरळ माझ्याकडे पाहिलंस आणि जिना उतरून गेलास.

म्हणून हे पत्र. संताप संताप झाला माझा. तीन मजले चढून आलास, माझी बेल दुरुस्त केलीस, तुकडा चौकटीला चिकटवलास, आणि एक बटण दाबायला तुला काय धाड भरली होती? मी वीस पावलांवर होते! तो तुकडा मी काढलेला नाही. त्या दिवशी बोलले ते मी परत घेते, हे लेखी देते, हवं तर दहा माणसांना दाखव. रविवारी दुपारी ये. बेल दाब आणि तिथेच उभा राहा. माझे गुडघे आता पूर्वीसारखे चालत नाहीत, दारापर्यंत यायला वेळ लागतो. तेवढ्यात जिना उतरू नकोस. आणि आत येताना पाय जपून टाक, ती वायर अजून मध्येच आहे.

अजून चिडलेली,
तुझीच ताई