शेवंतीचा उजवा पाय

नवघर, भाईंदर पूर्व
१२ ऑक्टोबर २००६

चि. महिपत यास अंबिकाताईचे अनेक आशीर्वाद.

मी ठीक आहे. तुझे दाजी गेले त्याला आठ महिने झाले, तरी जेवायला ताटं दोन काढते आणि एक परत ठेवते. ते राहू दे.

काम शेवंतीचं आहे. पुढच्या उजव्या पायाने लंगडते, वळताना जास्त. इथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाडं धड आहेत म्हणाले. तेव्हापासून जो तो म्हणतो, मालक गेला आणि वरातीची घोडी कामचोर झाली. घोडबंदरचा नाथा तिला टांग्यासाठी मागतोय. दोन फटके बसले की सरळ चालेल, असं माझ्या तोंडावर म्हणाला.

मी रद्दीतून आणलेलं जनावरांच्या डॉक्टरकीचं पुस्तक पुन्हा काढलं. हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे, लिगामेंट म्हणतात ते, एक्स-रेत दिसतच नाहीत. म्हणजे डॉक्टर हाडं बरी म्हणाले, पाय बरा म्हणाले नाहीत. ती नाटक करतेय की तिला दुखतंय, एवढं मला कळायला हवं. दुखत असेल तर नाथाला दारात उभा करणार नाही. टेम्पोने पाठवतेय. तू कामाला आहेस त्या घोड्यांच्या दवाखान्यात दाखव.

मुलांना माझे पापे.
तुझी ताई


पुणे
२६ ऑक्टोबर २००६

ती. ताईस महिपतचा साष्टांग नमस्कार.

शेवंती सुखरूप पोहोचली. उतरताच माझी टोपी चावली, म्हणजे ओळखलंन.

ती नाटक करत नाही, ताई. आधी डॉक्टर सुचेताबाईंनी खुराच्या मागे सुन्न करणारं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत घोडी सरळ चालायला लागली. म्हणजे दुखणं पावलातच. मग खुराच्या वरच्या कडेचे केस कापून, जेल लावून सोनोग्राफी केली. पाय मी धरला होता, पडदा मलाही दिसत होता. डाव्या पायात लिगामेंटच्या रेघा सरळ, पांढऱ्या. उजव्यात एका बाजूला ते जाड झालंय आणि मध्ये काळा डाग. लिगामेंटचा खालचा भाग खुराच्या आत जातो, तिथे सोनोग्राफी पोचत नाही. परदेशात घोड्यांचा एमआरआय काढतात, इथे नाही. पण दिसलं तेवढं पुरे, असं बाई म्हणाल्या. तुझं पुस्तकाचं सांगितलं तर म्हणाल्या, तुमच्या ताईंना इथेच नोकरीला ठेवू या.

नऊ महिने आराम, मऊ जमीन, नालबंदाकडून वेगळी नाल. डांबरी रस्त्यावर वरातीला पुन्हा जाईल असं त्या सांगत नाहीत. दुखापत जुनी आहे, दीड वर्षाची तरी. असा घोडा दुखरा पाय पुढे उचलून धरतो. ते कधीपासून, हे त्यांनी विचारलंय. आठवून कळव.

तब्येत सांभाळ, लोभ असू दे.
तुझा महिपत


नवघर
४ नोव्हेंबर २००६

चि. महिपत यास अनेक आशीर्वाद.

आठवायला लागलं नाही. गेल्या वर्षीचा वैशाख, पूनम सागर सोसायटीतली वरात. सिमेंटचा रस्ता होता. बँड थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि शेवंतीने उजवा पाय उचलून पुढे धरला. घोडी नाचली म्हणून लोकांनी शिट्ट्या मारल्या. यांनी तिला ते शिकवलं नव्हतं. घरी येऊन मला म्हणाले, पोरगी न शिकवता शिकली. पुढे प्रत्येक वरातीत हे तिला बँडसमोर उभी करायचे आणि वाट बघायचे. तिने पाय उचलला की तिच्या तोंडात गूळ. नाचणारी घोडी म्हणून उत्तनपर्यंत नाव झालं. मीही शेजारच्या ग्रेसीच्या मुलांना बोलावून दाखवायची, टाळ्या वाजवायला सांगायची.

यांनी तिला कधी चाबूक दाखवला नाही, हे तुला माहीत आहे. आपल्या हाताने दुखवतोय हे कळलं असतं तर ते जेवले नसते.

नाथाला नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, बसवून खाऊ घालणार का? मी म्हटलं, हो. मागच्या अंगणात रेती टाकून घेतली आहे. कालच एक जण लग्नासाठी नाचणारी घोडी विचारत आला होता. ती नाचत नाही, तिचा पाय दुखतो, असं मी त्याला सांगितलं. माझ्याच तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं.

महिपत, हे गेल्यापासून एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं ते तुझं पत्र वाचताना आलं. वाटलं, बरं झालं, हे ऐकायला ते नाहीत. असं मला वाटलं, आणि ते आता कुणाला सांगू? म्हणून तुला लिहिलं.

शेवंतीला घेऊन ये. तुझी माया आहे तशीच ठेव.
तुझी ताई