पांढऱ्या वेण्या

पांढुर्णा, सोमवार, १९ जानेवारी १९८७

आज सुमनची आई सावरगावहून पूल ओलांडून शाळेत आली, पोरीचं नाव काढायला. म्हणाली, "बाई, दिवाळीच्या सुट्टीत पोरगी एकदम चांगली होती. शाळा सुरू झाली का पुन्हा खोकलून राहिली. रोज तिच्या वेण्या झटकते मी, तं खडूची भुकटी पडते."

पांढऱ्या वेण्या. मी त्या रोज पाहते आणि मला कौतुकच वाटतं. माझ्या चौथीत फळा पुसायचा मान पहिल्या नंबराचा, म्हणजे सुमनचा. डस्टर भिंतीवर आपटून झाडायचा मानही तिचाच. हा नियम माझाच. आणि थंडी म्हणून खिडक्या लावून घेणारीही मीच. इतकं साधं मला कसं दिसलं नाही?

आठ दिवस थांबा म्हटलं. "थांबते," ती म्हणाली, "पण आठच दिवस."

दुपारी दोन्ही खिडक्या उघडल्या. पोरं जराशी कुडकुडली. मग फळा मी स्वतः ओल्या फडक्यानं पुसला. धूळ अजिबात उडाली नाही. बरं वाटलं. मागे वळले तर सुमन रडून राहिली होती.

"बाई, माझा नंबर गेला का?"

नाही गं, म्हटलं. खोकल्याचंही समजावून सांगितलं. तिला काही पटलं नाही. उद्यापासून फडकं तिच्याच हाती द्यावं का? ओल्या फडक्याला मान असतो, हे तिला कोण सांगणार?

शाळा सुटल्यावर ती पुलाकडे गेली, मान खाली घालून. वेण्या मात्र काळ्याभोर होत्या.