बारा बायकांचा कारखाना

१२ मार्च, बुधवार

आकडे जुळले. जुळू नयेत असं वाटत होतं, तरी जुळले! कोरगावचा काजू कारखाना तोट्यात आहे आणि पुढच्या वर्षी तोटा वाढणार.

दोन वर्षं हेच काम करते आहे. तीन देशांतली तीन गावं — मोझांबिकमधलं एक, व्हिएतनाममधलं एक आणि गोव्यातलं आमचं कोरगाव. छोटे कारखाने कुठे टिकतात, कुठे नाही, आणि का. पुण्याच्या संस्थेत मला घेतलं तेव्हा प्रवीण सर म्हणाले होते, 'तुझंच गाव आहे, सोपं जाईल.' सोपं! व्हिएतनाममधलं यंत्र तासाभरात जेवढ्या बिया फोडतं, तेवढ्याला इथे बारा बायकांचा अख्खा दिवस जातो. आता माझ्या अहवालावरून निधीवाले ठरवणार — मदत द्यायची की टाळं लावायचं.

चंद्राकाकीला सांगितलेलं नाही. कारखाना तिचा. म्हणजे सगळ्यांचा, पण बावीस वर्षांपूर्वी आमच्या शेजारी, स्वतःच्या पडवीत, तिनेच सुरू केला. आई आजारी असताना तिने आपल्या लेकीबरोबर माझ्याही शाळेच्या वेण्या घातल्या. तिच्या पडवीबद्दल मी लिहिलं आहे — 'न परवडणारा'.

१५ मार्च, शनिवार

काकीने कुंपणावरून विचारलं, 'गो गौरवी, तुझा लिवणा झाला?' 'अजून नाही,' म्हटलं. खोटं बोलले.

१९ मार्च, बुधवार

मोझांबिकची बाई आली. अमेलिया. संस्थेनेच बोलावलंय, तिकडची एक कामगार इकडे चार दिवस राहून काम बघणार. मोपाच्या विमानतळावर आणायला गेले. पन्नाशीची, उंच, पाठ ताठ. इंग्रजी येत नाही, पोर्तुगीज येतं. आता दुभाष्या कुठून आणू? शेवटी सगुणमास्तरांना गाठलं. वय एकोणऐंशी. लहानपणी पोर्तुगीज शाळेत शिकलेले, त्यानंतर साठ वर्षांत ती भाषा बोललेले नाहीत. आधी नकोच म्हणाले. मग इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी पडवीत हजर!

मास्तर तोंड उघडायच्या आधीच काकीने सुरुवात केली. खिडकीकडे बोट केलं — 'जनेल.' अमेलिया दचकली. 'जनेला!' मग टेबल — 'मेज.' 'मेझा!' चमचा — 'कुलेर.' 'कुल्येर!' शेवटी काकीने ओंजळभर बिया उचलून तिच्यापुढे धरल्या. दोघी एकदमच म्हणाल्या — 'काजू.'

सगळ्या बायका हसल्या. मीही.

२० मार्च, गुरुवार

आजचं नीट लिहून ठेवायला हवं.

अमेलिया सकाळी कटिंगला, म्हणजे बी फोडायला बसली. हाताला तेल लावलं, पायाने कटरची पट्टी दाबली, बी फुटली. गर अख्खा. दुसरी, तिसरी — सगळे अख्खे. सुमंगला, आमच्यातली सगळ्यांत तरबेज, बघतच राहिली. 'कुठे शिकलीस?' मास्तरांनी विचारलं.

ती सांगत गेली, मास्तर अडखळत मराठीत आणत गेले. विसाव्या वर्षी ती मोठ्या कारखान्यात लागली. हजारभर बायका. दोन वर्षांनी तो बंद पडला. बाहेरच्या तज्ज्ञांनी सरकारला सांगितलं होतं — बी इथे फोडण्यापेक्षा कच्चीच परदेशी पाठवा, शेतकऱ्याला जास्त भाव मिळेल. भाव फारसा काही वाढला नाही. कारखाने गेले. बी जहाजात भरून जायला लागली.

'खंय?' काकीने विचारलं.

मास्तर शब्द जुळवत होते. अमेलियाला प्रश्न कळला असावा. 'इंडिया,' ती म्हणाली.

सुमंगलाने पट्टीवरचा पाय काढला. मग काकी हळू म्हणाली, 'आणि हय आमका सांगतत, आफ्रिकेची बी स्वस्त इली म्हणान आमच्या डोंगरावरच्या बियांक भाव नाय.' मास्तरांनी ते तिला सांगितलं. अमेलियाने काकीच्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या. बोटं सारखीच — टरफलाच्या तेलाने काळी, टोकाची कातडी सोललेली.

'मगे मदले पैशे खाल्ले कोणी?' काकीने विचारलं.

मला येतं त्याचं उत्तर. आकृती काढून समजावता येतं, कॉलेजात शिकवलंय. मी वहीत तारीख लिहीत बसले.

निघताना अमेलिया माझ्या वहीकडे बघून काहीतरी म्हणाली. मास्तर सांगायला तयार होईनात. मी हट्ट धरला. तेव्हा म्हणाले, 'ती म्हणते, त्या वेळी त्यांच्याकडेही एक बाई आली होती. वही घेऊन. फार चांगली होती. हिच्या मुलाला मांडीवर घेऊन बसायची. तिने काय लिहिलं ते मात्र कुणी यांना वाचून दाखवलं नाही.'

२१ मार्च, शुक्रवार

वाचून दाखवायचं. ठरलं.

२४ मार्च, सोमवार

अमेलिया काल गेली. आज बाराही जणींना बसवून मसुदा वाचला. जड शब्द सोडवून सांगितले. 'न परवडणारा' आला, तोही वाचला.

सुमंगला उठली. 'आमी खंय जावचा?' तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, दुपारी त्याला भरवायला घरी जावं लागतं. विमानतळावर सफाईचं काम आहे, पण बारा तास. हरमलच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत खोल्या झाडायचं काम आहे, पण पावसात चार महिने घरी बसायचं. एकेक बोलली. कुणाची सासू, कुणाचं अपंग पोर. इथे घराजवळ, मधे उठून जाता येतं, म्हणून त्या इथे आहेत. दोन वर्षं मी यांना किलो विचारले, तास विचारले. हे विचारलंच नव्हतं!

काकीची पाळी आली तशी ती उठली. विहिरीवर गेली, कितीतरी वेळ हात धूत राहिली. मागून जाऊन म्हटलं, 'काकी, मी काहीतरी करते.' तिने माझ्याकडे पाहिलं. 'तू कशाक त्रास घेतंस, बाय?' एवढंच.

हिचं आयुष्य मी एका शब्दात संपवत होते.

३१ मार्च, सोमवार

आठवडाभर घरोघर फिरले. जुने आकडे तसेच ठेवलेत, एकही बदलला नाही. नवं प्रकरण जोडलं — कारखाना बंद झाला तर त्या बारा घरांत काय होईल. मोझांबिकच्या गावात पंचवीस-तीस वर्षांपूर्वी काय झालं, तेही त्याच्या शेजारी. आणि यंत्राशी स्पर्धा न करता फक्त डोंगरावरची बी, गावाचं नाव लावून विकण्याची योजना. प्रमुख म्हणून काकीचं नाव घातलं. दुसरं कुणाचं घालणार?

प्रवीण सरांचा फोन. 'गौरवी, हे अर्थशास्त्र नाही, ही माया आहे.'

'आकडे तपासा, सर. एक तरी चुकीचा निघाला तर सगळं काढून टाका.'

फोनवर कागद उलटल्याचा आवाज आला. 'पाठवतो,' म्हणाले.

९ एप्रिल, बुधवार

काही कळलेलं नाही. काजू पिकलेत, बोंडांचा वास घरात भरून राहिलाय. काकी रोज सकाळी विचारते, 'कागद इलो?' तिचे डोळे बघवत नाहीत.

२ मे, शुक्रवार

मंजूर! तीन वर्षांची मदत!!

सरांनी स्वतः फोन करून सांगितलं — नव्या प्रकरणावर निधीवाल्यांची दोन तास चर्चा झाली म्हणे. पळत पडवीत गेले. सुमंगला रडायलाच लागली. म्हापशाहून पेढे आणले, घरोघर वाटले. मास्तरांनी अमेलियाला पत्र लिहायला घेतलंय, पोर्तुगीजमध्ये, शब्दकोश घेऊन बसलेत. काकीने पेढा हातात घेतला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

इतकी हलकी मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

५ मे, सोमवार

सकाळी काकी आली. बसली नाही, दारातच उभी राहिली.

'तुका सांगान टाकतंय. माझी कंबर गेली. बोटांक कायच लागना नाय — गरम नाय, थंड नाय. माझा चेडू हरमलाक ऱ्हवता, माका थंय बोलयता, दोन वर्सां झाली. पण मीच सगळ्यांक घेऊन बसलंय, मीच कशी उठान जाव? तुझो कागद येतलो, कारखानो बंद पडतलो, मगे कोण माका बोल लावचो नाय — म्हणान वाट बघत होतंय.'

म्हटलं, 'काकी, प्रमुखाचं नाव बदलूया. आजच कळवते.'

'आता? पेढे वाटल्यावर?' थोडं हसली. 'जावंदे. तीन वर्सां.'

आणि कामाला गेली.